शिकाऱ्यांनी दिलेल्या माहितीवर विसंबून वन्यप्राण्यांचं व्यवस्थापन करता येतं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिका, नॉर्वे, स्वीडन अशा देशांत किती हरणं, मूस (थंड प्रदेशातलं अवाढव्य हरीण) किंवा बदकं मारू द्यायची हे ठरवताना शिकाऱ्यांकडूनच प्रश्नावल्या भरून घेतात, मग ज्याला शिकार करायची आहे तो खरं कशाला सांगेल? आणि पुढे असंही की आपल्याकडे रानडुकरांच्या बाबतीत शेतकऱ्यांना विचारून असं काही करता येईल का?

मी नमुना सर्वेक्षणांच्या आकडेवारीचं काम करते आणि वन्यजीवांचे आकडे हा त्यातला माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा विषय आहे. आधी माझं मत सांगते. शिकारी खोटं बोलतात ही या सर्वेक्षणांची मुख्य अडचण नाही. माणसं विसरतात, काही जण उत्तरच देत नाहीत आणि शिकारीची रीत वर्षागणिक बदलते. आकडे बिघडतात ते बहुतेक वेळा या तीन कारणांनी. तिन्हींवर थोडाफार इलाज आहे, पण तो चालतो तो शिकाऱ्याच्या तोंडून न आलेलं एखादं स्वतंत्र मोजमाप हाताशी असेल तरच. ते नसेल तर सर्वेक्षण कितीही मोठं असो, त्यावर कोटा ठरवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

विसरण्यापासून सुरुवात करू. अमेरिकेत बदकांच्या शिकारीची टपालाने पाठवायची प्रश्नावली १९५२ पासून सुरू झाली. हंगाम संपल्यावर शिकाऱ्याला विचारायचे, यंदा किती बदकं मारलीत? ही उत्तरं कितपत खरी असतात हे तपासायला ॲटवूड नावाच्या संशोधकाने एक साधी युक्ती केली. काही सरकारी शिकारक्षेत्रांत शिकारी बाहेर पडताना त्याची शिकार मोजून वहीत नोंदली जात असे. त्याच माणसांना नंतर टपालाने विचारलं आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले. १९५६ साली त्याने जे छापलं ते आजही या विषयात पहिल्यांदा शिकवतात. पत्रातले आकडे वहीतल्या आकड्यांपेक्षा चढे होते. त्यातही लोक ५, १०, १५ अशा गोल आकड्यांकडे झुकत होते, कारण चार महिन्यांपूर्वीची सात बदकं कोणाच्या लक्षात राहतात? थोडी फुशारकीही होती, नाही असं नाही. पण त्या माणसांना चढा आकडा सांगून मिळणार काहीच नव्हतं. ही फसवणूक नव्हती, आठवणीचा स्वभाव होता. म्हणूनच हल्लीच्या पद्धतीत निवडलेल्या शिकाऱ्याला हंगामाच्या सुरुवातीलाच नोंदीचा कागद देतात आणि ज्या दिवशी शिकार केली त्याच दिवशी लिहायला सांगतात.

उत्तर न देणाऱ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि सामान्य वाचकाच्या नजरेतून तो नेमका सुटतो. समजा, एका राज्यात १०,००० परवानाधारक आहेत. तुम्ही २,००० जणांना प्रश्नावली पाठवली, ८०० जणांनी भरून दिली आणि त्यांची सरासरी निघाली माणशी ६ बदकं. सरळ गुणाकार केला तर एकूण शिकार ६०,००० झाली. पण ज्याला काही मिळालंच नाही, किंवा जो एकदाही तळ्यावर गेला नाही, तो ते पाकीट उघडतसुद्धा नाही. गप्प बसलेल्या १,२०० जणांची खरी सरासरी ३ असेल तर सगळ्यांची मिळून सरासरी ४.२ येते, म्हणजे शिकार ४२,०००. आकडा जवळजवळ दीडपट फुगला आणि खोटं एकही माणूस बोलला नाही! यावरचा इलाज म्हणजे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पत्र पाठवायचं, उशिरा उत्तर देणाऱ्यांचे आकडे वेगळे काढून बघायचे आणि न बोललेल्यांपैकी काहींना फोन करायचा. एखाद्या अहवालात हे काहीच केलेलं नसेल आणि वर ‘हजारो शिकाऱ्यांचा प्रतिसाद’ असं अभिमानाने लिहिलं असेल, तर त्या हजारोंचा काही उपयोग नाही. चुकीच्या दिशेला कललेला नमुना मोठा केला तरी तो कललेलाच राहतो.

नाव नोंदणीतही घोळ होतात. १९९८ पासून अमेरिकेतल्या जवळपास सर्व राज्यांत स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकाऱ्याला दरवर्षी नाव नोंदवावं लागतं आणि ‘गेल्या वर्षी किती बदकं मारली’ असे दोन-चार प्रश्न त्याला विचारतात. या उत्तरांवरून पुढच्या नमुन्याचे गट पाडतात. परवाने विकले जातात खेळसाहित्याच्या किंवा किराणा दुकानात. तिथे गिऱ्हाइकांची रांग लागलेली असते आणि काउंटरवरचा माणूस काही न विचारता सगळीकडे शून्य भरून मोकळा होतो. ही तक्रार तिकडची खाती स्वतःच वर्षानुवर्षं करत आली आहेत.

आता या बदकांच्या व्यवस्थेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. १९६१ पासून फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस, म्हणजे अमेरिकेचं केंद्रीय वन्यजीव खातं, निवडक शिकाऱ्यांना टपालखर्च आधीच भरलेली पाकिटं पाठवते. मारलेल्या प्रत्येक बदकाचा एक पंख आणि हंसाच्या शेपटीची पिसं त्या पाकिटात घालायची आणि वर तारीख आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) लिहायची. हिवाळ्यात ठिकठिकाणचे जीवशास्त्रज्ञ एकत्र जमतात आणि टेबलांवर ढिगाने ओतलेले हे पंख दिवसचे दिवस निवडत बसतात. पंखावरून जात, नर की मादी आणि पक्षी त्याच वर्षीचा की जुना, हे सगळं कळतं. पिल्लाच्या शेपटीच्या पिसाला टोकाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते, कारण तिथे लहानपणीची लव चिकटलेली होती आणि ती गळून पडली. मोठ्या पक्ष्याचं पीस टोकाला अखंड असतं. शिकाऱ्याला विचारलं असतं तर त्याने ‘बदक’ एवढंच सांगितलं असतं. इथे त्याच्या मताला जागाच नाही, त्याने फक्त वस्तू पाठवायची. कुठल्याही सर्वेक्षणात माणसाला विचारण्याऐवजी त्याच्याकडून पुरावा मागता आला तर तो मागावा, हे मी या पाकिटांवरून शिकले.

अर्थात पुराव्यालाही कल असतो. पिल्लं अननुभवी, ती बंदुकीच्या टप्प्यात जास्त येतात. त्यामुळे पाकिटांत जेवढी पिल्लं दिसतात तेवढी आकाशात नसतात. हा फरक दुरुस्त करायला पायात रिंग घातलेले पक्षी कामी येतात. रिंग घातलेल्यांपैकी कोणत्या वयाचे किती मारले गेले ते बघायचं आणि त्या प्रमाणात पंखांचा हिशेब खाली आणायचा. पण रिंग सापडली तर शिकाऱ्याने ती कळवायला हवी ना? एके काळी मारल्या गेलेल्या मॅलर्ड बदकांच्या रिंगांपैकी साधारण एक तृतीयांशच कळवल्या जात. हे कसं कळलं, तर काही रिंगांवर रोख बक्षीस छापलं होतं. बक्षिसाच्या रिंगा बहुतेक सगळ्या परत येतात असं धरून साध्या रिंगांची त्यांच्याशी तुलना केली. १९९० च्या दशकाच्या मध्यात रिंगांवर फुकट फोनचा नंबर आला आणि कळवण्याचं प्रमाण वाढत जाऊन ७० टक्क्यांच्या आसपास पोचलं. बक्षिसाच्या रिंगांची ही तपासणी नसती तर एखाद्या घाईच्या अधिकाऱ्याने ‘शिकार दुप्पट झाली, हंगाम कमी करा’ असा निष्कर्ष काढला असता. बदललं होतं ते फक्त कळवणं.

आणि आता तुमच्या मूळ शंकेचं उत्तर. अमेरिकेत बदकं किती आहेत हे शिकाऱ्यांना कोणी विचारतच नाही. १९५५ पासून दर वसंतात वैमानिक अलास्का, कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांवरून ठरलेल्या रेषांवर कमी उंचीवरून उडतात, बदकं आणि तळी मोजतात. विमानातून सुटलेल्या पक्ष्यांचा अंदाज घ्यायला काही पट्ट्यांत जमिनीवरून पुन्हा मोजतात. १९९५ पासून मॅलर्डची संख्या आणि कॅनडाच्या गवताळ प्रदेशातली तळी यांवर आधारलेल्या ठरावीक नियमाने हंगाम किती दिवसांचा आणि रोज किती पक्षी, हे ठरवलं जाऊ लागलं. शिकाऱ्यांच्या प्रश्नावल्या आणि पंख सांगतात किती मारले आणि कोणते मारले. किती उरले ते विमान सांगतं. दोन्ही जुळतात की नाही हे दरवर्षी पडताळलं जातं, म्हणून ही व्यवस्था टिकून आहे. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे विमानं उडाली नाहीत तेव्हा आधीच्या साठेक वर्षांच्या नोंदींवरून बांधलेल्या गणिताने काम भागवलं. एवढा जुना साठा नसता तर काय केलं असतं?

अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची कथा मात्र वेगळी. तिथे विमानाने मोजणं जमत नाही, झाडी दाट आहे. म्हणून अनेक दशकं एका हिशेबावर भिस्त होती. शिकाऱ्याने मारलेलं हरीण नोंदणीच्या ठिकाणी न्यायचं. तिथे कर्मचारी जबडा उघडून तिसरी पुढची दाढ बघत. तिला तीन उंचवटे असतील तर ती दुधाची आहे, म्हणजे हरीण दीड वर्षाचं. दोनच असतील तर मोठं. मारलेल्या नरांत दीड वर्षाचे किती, यावरून दरवर्षी किती नर मरतात याचा अंदाज काढायचा, त्यावरून एकूण नर, मग माद्या आणि पाडसं. हिशेब चतुर आहे, पण नरांच्या शिकारीचं प्रमाण वर्षानुवर्षं साधारण सारखं राहील, या एका गृहीतावर सगळं उभं होतं.

२००२ मध्ये तिथल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग हा जीवघेणा रोग सापडला. कळप कमी करायचा म्हणून कित्येक भागांत नियम लागू होता की आधी बिनशिंगाचं हरीण (मादी किंवा पाडस) मारा, मगच नर मारायला मिळेल. शिकारी चिडले, आणि नरांची शिकार नियमामुळेच बदलली. म्हणजे ज्या आकड्यावर हिशेब उभा होता तोच खात्याच्या स्वतःच्या निर्णयाने हलला. त्यात शिकारी म्हणत हरणंच दिसत नाहीत, खातं म्हणे भरपूर आहेत, आणि दोघांनाही दुसऱ्याचा आकडा पटेना. माझ्या मते दोघंही आपापल्या जागी खरं सांगत होते. असा हिशेब राज्यभराच्या पातळीवर बऱ्यापैकी लागू पडतो, पण एका लहान तुकड्यावर त्याची चूक फार मोठी असते, आणि शिकाऱ्याला राज्य दिसत नाही, त्याला त्याचं रान दिसतं. २०१५ पासून तिथे हरीण प्रत्यक्ष नेऊन दाखवण्याची सक्ती गेली, फोनवर किंवा इंटरनेटवर नोंदणी आली. शिकाऱ्यांची सोय झाली, पण प्रत्येक हरीण कोणाच्या तरी नजरेखालून जाण्याची खात्री गेली. मला ही मोठी हानी वाटते.

नॉर्वे आणि स्वीडनमध्ये शिकाऱ्याला ‘काय मारलं’ याबरोबर ‘काय दिसलं’ हेही विचारतात. मूसच्या शिकारीला गेलेली टोळी नोंद करते: नर किती, एकटी मादी किती, एका पाडसाची, दोन पाडसांची, आणि किती माणसं किती वेळ रानात होती. यावरून माणशी दिवसाला किंवा तासाला किती मूस दिसले हा निर्देशांक निघतो. मोठ्या प्रदेशात, सलग काही वर्षं पाहिलं तर त्याचा कल इतर मोजमापांशी बऱ्यापैकी जुळतो. पण कुत्र्यांचा वापर वाढला, पानगळ उशिरा झाली, बर्फ लवकर पडला तर दिसणं बदलतं, मूस तेवढेच असले तरी.

यातला सर्वांत वाईट प्रकार समुद्रात घडला. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड मासा संपत आला होता, तरी ट्रॉलरना (मोठी जाळी ओढणाऱ्या बोटींना) दर फेरीत भरपूर मासा मिळत होता, कारण उरलेले मासे थव्यांनी एकत्र येत आणि बोटी नेमक्या तिथेच जात. त्या आकड्यांवर बराच काळ भरवसा ठेवला गेला. १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली. शोधणारा जितका कुशल, तितका त्याचा आकडा धोक्याची सूचना उशिरा देतो.

मग मुद्दाम खोटं कधी सांगितलं जातं? आकड्यावर सांगणाऱ्याचं काही अवलंबून असतं तेव्हा. त्यासाठी शिकारीच लागतो असं नाही. आपल्याकडे वाघांची गणना पंजाच्या ठशांवरून, खात्याचेच कर्मचारी करत आणि वाघ कमी झाले तर जाब त्यांनाच विचारला जाई. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदावर दीड डझनाच्या आसपास वाघ होते आणि २००५ मध्ये कळलं की एकही उरलेला नाही. त्यानंतर कॅमेरा ट्रॅपवर, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवर, आधारलेली पद्धत आली.

आता रानडुकरांकडे. आपल्याकडे शेतकऱ्यांचं सर्वेक्षण एका अर्थाने चालूच आहे: पीक नुकसानभरपाईचे अर्ज. अर्ज वाढले की बातमी येते, ‘डुकरांचा सुळसुळाट’. पण अर्ज सोपा झाला, भरपाईची रक्कम वाढली किंवा पंचनामा वेळेवर होऊ लागला, तरीही अर्ज वाढतात. फोन नंबर आल्यावर रिंगांचं जे झालं तेच. उलट ज्या गावात तीनदा हेलपाटे मारून पैसे मिळाले नाहीत, तिथला शेतकरी अर्ज करणंच सोडतो आणि कागदावर ते गाव सुखी दिसतं. म्हणून अर्जांच्या संख्येवरून डुकरं वाढली की घटली हे ठरवणं मला मान्य नाही, आणि त्यावरून किती मारायची हे तर मुळीच नाही.

शेतकऱ्यांना जरूर विचारावं. रात्र रात्र राखण करणाऱ्याइतकं रान कोणाला कळतं? पण डुकरं किती आहेत हे त्यांना विचारू नये. तालुक्यातले काही गट नंबर चिठ्ठ्या टाकून आधीच निवडावेत. अर्ज आलेला असो वा नसो, भुईमूग, मका, ऊस हाताशी आल्यावर तिथे जाऊन किती नासधूस झाली ते मोजावं, दरवर्षी त्याच आठवड्यांत. त्याच शेतकऱ्यांना एक वही द्यावी, ज्या रात्री डुक्कर आलं त्या रात्रीची नोंद त्याच रात्री, आणि राखण केली नसेल तर तसंही लिहायचं. बांधावर काही ठिकाणी कॅमेरे लावावेत. मारायची परवानगी दिली असेल तिथे मारलेल्या प्रत्येक डुकराचा खालचा जबडा जमा करून घ्यावा, दातांवरून वय कळतं. चार-पाच वर्षं मोजलेलं नुकसान, वही आणि कॅमेरे हे तिन्ही आकडे एकाच दिशेने गेले तर वहीवर भरवसा ठेवून कॅमेरे कमी करता येतील. नाही गेले, तर आधी का नाही गेले ते शोधायचं आणि तोवर परवानग्यांचा आकडा वाढवायचा नाही.