वेगवेगळ्या देशांतल्या धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडावीशी वाटते का? सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीला त्यांचा विरोधच असतो का?

सोडावीशी बऱ्याच जणांना वाटते. बंदीबद्दलचं मत मात्र देशागणिक वेगळं असतं आणि कायदा लागू झाल्यावर झपाट्याने बदलूही शकतं. २००२ साली सुरू झालेल्या आयटीसी (इंटरनॅशनल टोबॅको कंट्रोल, म्हणजे तंबाखू नियंत्रण) या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात कॅनडा, अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ९० टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी ‘पुन्हा संधी मिळाली तर सुरुवातच करणार नाही’ असं सांगितलं. आयर्लंडचं उदाहरण तर फारच बोलकं आहे: मार्च २००४मध्ये तिथल्या पबमध्ये बंदी आली आणि खुद्द सिगारेट ओढणाऱ्यांचा तिला असलेला पाठिंबा साधारण वर्षभरात १३ वरून ४६ टक्क्यांवर गेला. पण पश्चात्ताप झाला म्हणजे सिगारेट सुटतेच असं नाही. सकाळी उठल्याउठल्या ज्याला पहिली लागते, त्याला नुसत्या इच्छेपेक्षा औषधाची आणि समुपदेशनाची जोड जास्त उपयोगी पडते.