जुनी गाडी, तुमचे प्रश्न: घाटात बंद पडणारी ८०० आणि चार वर्षं उभी असलेली झेन

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. काय काय बदललं याची यादी सगळ्यांनी लिहिलीये, पण गाडी नेमकी कधी त्रास देते, गार असताना का गरम झाल्यावर, उभी असताना का पळताना, चढावर का सपाटीला, हे फार थोड्यांनी लिहिलंय. मला ती वेळच हवी असते हो, निम्मं निदान तिथंच होतं. म्हणून ज्यांनी ते लिहिलंय त्यांचे प्रश्न आधी घेतलेत.

प्रश्न: माझी मारुती ८०० आहे, १९९८ ची, कार्बोरेटरवाली. मुंबईहून येताना कसारा घाट चढायला लागलो की निम्म्यात झटके खाते आणि बंद पडते. अर्धा-पाऊण तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. प्लग, कॉईल, फ्यूल पंप, तिन्ही बदलून झालंय. नाशकात फिरताना अजिबात त्रास नाही. (इंदिरानगर)

अर्धा-पाऊण तास थांबलं की चालू होते हे लिहिलंत ते फार बरं केलंत. गरम झाली की बंद आणि गार झाली की चालू, म्हणजे एकतर पेट्रोल येत नाहीये नाहीतर करंट येत नाहीये, आणि यातलं कुठलं ते गॅरेजमध्ये गार गाडीवर कुणालाच सापडणार नाही, ते घाटातच बंद पडल्यापडल्या बघावं लागतं. म्हणून डिकीत एक चालू असलेला जुना प्लग, प्लगचा पाना, एक मोठा कपडा आणि पाण्याची बाटली ठेवा.

बंद पडली की गाडी पूर्ण कडेला घ्या, मागच्या चाकाला दगड लावा, घाटात मागून ट्रक येत असतात. टेंपरेचरचा काटा बघून घ्या, तो वर असेल तर पुढचा प्रश्न वाचा, तुमचा आजार वेगळाय. काटा ठीक असेल तर आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्यासारखा जोरात सूं आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर टाकीला हवा घ्यायची वाट बुजलीये, बाकी काही नाही. आवाज नाही आला तर एका प्लगची वायर काढून ती जुन्या प्लगला लावा, प्लगचं लोखंड इंजिनाला टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. वायर रबराच्या टोपीलाच धरायची, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग अजिबात करायचा नाही. निळा टकटक करंट दिसला तर करंटची बाजू ठीक आहे. दिसलाच नाही, तर कॉईल नवी असली म्हणून काय झालं, डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याच्या, आतला माल गरम झाल्यावर दगा देतो, पॉईंट-कंडेन्सर असो का इग्नायटर, जे तुमच्या गाडीत असेल ते.

माझा अंदाज करंट दिसेल असाच आहे. मग कपडा भिजवा आणि फ्यूल पंपावर आणि त्याच्या नळ्यांवर पाच मिनिटं ठेवा, पाणी डिस्ट्रिब्युटरवर सांडू देऊ नका. आता चालू झाली तर पेट्रोलची नळीतच वाफ होतीये. तुमच्या गाडीत हा पंप थेट इंजिनाच्या हेडवर बसलेला असतो, घाटात गाडी दुसऱ्या गिअरला, इंजिन जोरात आणि वारा कमी, त्यामुळं पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाला ढकलता येत नाही. नाशकात सपाटीला हे होणारच नाही.

आता नवीन पंप टाकूनही का होतंय? पंप आणि हेडच्या मधे जाड काळं पॅकिंग असतं, ते उष्णता अडवतं, पंप बदलताना ते फुटलं म्हणून पातळ कागदी पॅकिंगवर काम भागवलेलं मी कितीतरी गाड्यांत पाहिलंय, तेवढं उघडून बघाच. दुसरं, जास्तीचं पेट्रोल टाकीकडं परत नेणारी रिटर्नची नळी. ती चोंदली की तेच गरम पेट्रोल पंपात थांबून राहतं. पंपाकडून काढून सायकलच्या पंपानं हवा मारा, टाकीत बुडबुड ऐकू यायला हवं, तोंडानं फुंकू नका. आणि इतक्या जुन्या गाडीत रबराच्या सगळ्या नळ्या एकदा बदलून टाका, हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्या काळचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं, आतून फुगतं आणि बाहेरून चिरा पडतात. इथेनॉलला चालणारी नळी मागून घ्या, मीटरभर पुरते.

प्रश्न: वॅगन आर, २००६. द्वारका सर्कलला ट्रॅफिकमध्ये अडकलो की काटा वर चढतो, हायवेला लागलो की खाली येतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकलाय तरी फरक नाही. रेडिएटर बदला म्हणतोय. (पाथर्डी फाटा)

थांबा, रेडिएटर बदलू नका अजून. उभ्या गाडीत तापते आणि पळताना गार होते म्हणजे पाणी फिरतंय, हवा मिळत नाहीये. पळताना वारा लागतो, उभी असताना सगळी भिस्त पंख्यावर. याच्या उलट असतं, म्हणजे हायवेला आणि चढावर तापली असती, तर मी पण रेडिएटर चोंदला किंवा वॉटर पंप गेला म्हणालो असतो.

सकाळी गार गाडी चालू करून उभ्या उभ्या राहू द्या, एसी बंद, आणि काट्याकडं लक्ष ठेवा. काटा निम्म्याच्या थोडा वर गेला की पंखा घुर्रकन सुरू व्हायला हवा. नाही झाला तर गाडी बंद करा, पंख्याचं सॉकेट काढा आणि बॅटरीवरून दोन वायरी थेट मोटरला द्या, हात आणि कपडे पात्यांपासून लांब. फिरला तर मोटर चांगली आहे, मग फ्यूज, रिले, सेन्सर या क्रमानं बघायचं, रिले म्हणजे पंख्याला करंट सोडणारा छोटा स्विच, तो सगळ्यात स्वस्त आणि बऱ्याचदा तोच असतो. मरगळल्यासारखा फिरला तर मोटरचे कार्बन (ब्रश) झिजून संपलेत.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, मात्र परत बसवून घ्या. तो नसला की इंजिन तापायलाच वेळ लागतो, पेट्रोल जास्त खातं, आतली झीज वाढते आणि खरा आजार तसाच राहतो. पाणी कुठलं घालता तेही लिहिलं नाहीत. बोअरचं असेल तर आतून क्षार धरतात, बादलीत पाणी तापवायच्या कॉईलवर पांढरा थर बसतो ना, तस्साच. फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरा. रेडिएटरचं झाकणही बदला, त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढ्या दाबामुळंच आतलं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, स्प्रिंग सैल झाली की ते लवकर उकळतं. आणि गरम असताना ते झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. माझ्या एका मित्राचा हात कोपरापर्यंत भाजला होता, तो वास मी अजून विसरलेलो नाही.

प्रश्न: सँट्रो, ८० च्या पुढं गेली की स्टिअरिंग थरथरतं. (सिन्नर)

ब्रेक न दाबता थरथरत असेल तर व्हील बॅलन्सिंग, ते करताना टायरला फुगा आलाय का तेही हात फिरवून बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर पुढच्या डिस्क वाकल्यात. ते करूनही राहिलं तर पुढचा बॉल जॉईंट आणि टाय रॉड एंड, म्हणजे चाक आणि स्टिअरिंगचे सांधे. या क्रमानंच जा, अलाइनमेंटवर पैसे घालवू नका, अलाइनमेंटनं थरथर जात नाही, गाडी एका बाजूला ओढते ते जातं.

प्रश्न: इंडिका डिझेल, २००५. निफाडच्या थंडीत सकाळी सेल्फ कण्हत कण्हत फिरतो, चालू झाली की पाच मिनिटं पांढरा धूर. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या. सकाळी द्राक्षाच्या बागेत जायचं असतं, रोज धक्का मारायला माणसं कुठून आणू? (निफाड)

दुसरी बॅटरी घ्यायच्या आधी कुणीतरी मल्टिमीटर लावायला हवा होता, वाईट वाटलं वाचून. साधा मीटर दोन-तीनशे रुपयांत येतो, घेऊनच टाका. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत १३.८ ते १४.५. हे दोन्ही ठीक असेल तर बॅटरीचा दोष नाही.

मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब. गिअरबॉक्सजवळ बॉडीला जोडलेली एक विणलेली पट्टी असते, तिचा बोल्ट सोडवा, खाली हिरवट-पांढरी भुकटी दिसेल, पट्टीचे निम्मे धागे काळे पडून तुटलेले असतील. पॉलिश पेपरनं दोन्हीकडचं लोखंड चकाकेपर्यंत घासा, नवी पट्टी टाका, वरून थोडं ग्रीस. डिझेलच्या सेल्फला एवढा करंट लागतो की असल्या गंजलेल्या बोल्टमधून तो जातच नाही, थंडीत ऑईल घट्ट झालं की लगेच उघडं पडतं.

पांढरा धूर हे न जळलेलं डिझेल, वासावरून कळेल, डोळे चुरचुरतात. म्हणजे हीटर प्लग, थंड इंजिन चालू करताना आतून तापवणारे. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढा, टेस्ट लॅम्प बॅटरीच्या पॉझिटिव्हवर लावून टोक एकेका प्लगला टेकवा, दिवा लागला तर प्लग चांगला, नाही लागला तर मेला. चारही चांगले निघाले तर त्यांचा रिले बघा. इंजिन तापल्यावरही धूर राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड पॅकिंग गेलंय, मग गाडी चालवू नका.

प्रश्न: काका, बाबांची झेन आहे, २००३ ची. ते गेल्यापासून चार वर्षं पार्किंगमध्ये उभी आहे. आई विकू देत नाही आणि मलाही नाही विकायची. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवी बॅटरी लावून सेल्फ मारून बघू का? (पंचवटी)

नको गं, सेल्फ अजिबात मारू नको. तू विचारलंस ते फार चांगलं केलंस, अशा गाड्यांचं नुकसान पहिल्या सेल्फलाच होतं.

आधी बॉनेट उघडून एअर फिल्टरचं झाकण काढ, उंदरांचं घरटं असतं तिथं, आणि वायरी कुरतडल्यात का बघ. टाकीतलं पेट्रोल सगळं काढून टाकायचं. चार वर्षांत ते वार्निशसारखं वास मारायला लागतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं ते टाकीच्या तळाशी बसतं. काचेच्या बाटलीत थोडं काढून ठेव, खाली वेगळा थर दिसतो का बघ. टाकीतला पंप आणि जाळी मेकॅनिककडून बाहेर काढून घे, फिल्टर नवा.

मग चारही प्लग काढ, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑईल, एक रात्र तसंच. दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रल करून क्रँकच्या पुलीवर पाना लावून हातानं फिरव, ज्या दिशेनं इंजिन फिरतं त्याच दिशेनं. सहज फिरलं तर इंजिन सुटलं. अडकलं तर जोर करू नको, अजून ऑईल आणि अजून दोन दिवस. त्यानंतर ऑईल, ऑईल फिल्टर, कूलंट आणि टायमिंग बेल्ट, बेल्ट दिसायला चांगला असला तरी बदल, त्याचं वय किलोमीटरवर नाही, वर्षांवर बघतात. ब्रेक ऑईल पूर्ण नवं, ते हवेतलं पाणी ओढतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, शेवटचे दोन म्हणजे वर्ष, तिथं १५ किंवा १६ असेल तर नक्षी कितीही खोल असो, टायर गेले.

कागदांचंही बघ. गाडीची आरसी पंधरा वर्षांची असते, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे २०१८ ला एकदा नूतनीकरण झालं असेल तरी २०२३ लाच संपली असणार, त्याला २५ नंबरचा फॉर्म. आणि बाबांच्या नावावरून आईच्या किंवा तुझ्या नावावर करायला ३१ नंबरचा. पेठ रोडच्या आरटीओत दोन्ही एकदमच विचार, गाडी तपासणीला न्यावी लागते, ती टोइंगवर घालून ने, विमा उतरेपर्यंत रस्त्यावर चालवायची नाही.

चालू झाली की पहिले पंधरा मिनिटं रेस देऊ नको, खाली पुठ्ठा टाक आणि ऑईल, पाणी, पेट्रोल कुठं ठिबकतंय का बघत राहा, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होऊ दे. मग पार्किंगच्या आतच पहिल्या गिअरला चार हात पुढं, चार हात मागं, आणि दरवेळी ब्रेक. पेडल स्पंजासारखं लागलं किंवा एखादं चाक अडकलं तर तिथंच थांब आणि मला परत लिही, कुठलं चाक ते नक्की लिही.