चोवीसाचे एकतीस

नागपूर, श्रावण

प्रिय बेटा,

तुझ्या मफलरच्या पट्टीचा फोटो पाहिला. चोवीस टाके घातले होतेस, सहा इंच विणून झालं तेव्हा सुईवर एकतीस, आणि पट्टी वर जाता जाता पंख्यासारखी पसरलेली. खाली तू विचारलंस, "काकू, सगळं उसवून टाकू का?" नको. ती पट्टी उजेडात मांडीवर घे आणि मग पुढचं वाच.

कड नीट बघ. ओळ संपवून काम वळवलंस की तू दोरा सुईच्या वरून मागे नेतेस. त्या ओढीनं पहिला टाका उचलला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर चढतात आणि एकाचे दोन दिसतात. तू दोन्ही विणतेस. असे पाच तर मला फोटोतच मोजता आले. वळवल्यावर दोरा आधी खाली ओढून बघ, टाका एकच दिसेल. मग दोरा सुईखालून मागे ने. मधे जी दोन भोकं आहेत त्यांचं कारण वेगळं आहे. तिथे दोरा पुढे राहिला आणि पुढचा टाका विणताना सुईवरून आडवा गेला. पुढच्या ओळीत तूच त्याला टाका समजलीस.

हे मी सांगितलं, पण ते तुला स्वतःला दिसायला हवं. म्हणून माझा आग्रह आहे की नमुने शोधण्याआधी टाका ओळखायला शिक. सुईखाली बघ. बारीक इंग्रजी व्ही सारखं दिसतं तो सुलट, गळ्याशी आडवी गाठ दिसते तो उलट. दोन्ही एकच आहेत गं, सुलट टाक्याची पाठ म्हणजे उलट टाका. म्हणूनच दोन्हीकडून सुलट विणलं की दोन्ही बाजूंना आडवे उंचवटे येतात, आणि दोन ओळींचा एक उंचवटा होतो. ओळी मोजायच्या तर उंचवटे मोज आणि दुप्पट कर. एक ओळ सुलट, एक ओळ उलट घेतलीस तर एक बाजू गुळगुळीत येते, पण कडा आत वळतात. त्यात तुझी काही चूक नाही, त्या विणीचा तो स्वभाव आहे. मफलरला ती नको.

सुया आठ नंबरच्या घे, चार मिलिमीटरच्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, सुरुवातीला हात घट्ट चालतो तेव्हा ती छळते. लोकर फिक्या रंगाची घे. काळ्या लोकरीत टाका मलाही संध्याकाळी दिसत नाही.

आणि लागेल तेवढी लोकर एकदम घे. माझ्या पहिल्या स्वेटरला दोन लड्या कमी पडल्या, महिन्याभरानं त्याच दुकानातून त्याच नंबरच्या आणल्या. दिव्याखाली रंग एकच वाटला. अंगणात उन्हात धरला तर एक बाही वेगळी. लेबलवर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर असतो, तो प्रत्येक लडीवर सारखा आहे ना, ते दुकानातच बघ. इतवारीच्या बाजारात जायचं तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, जाऊ नकोस, त्या गर्दीत लेबलं वाचणं होत नाही.

स्वेटरला हात घालशील तेव्हा आधी चार-पाच इंचांचा चौकोन विण आणि मधले टाके मोजपट्टीनं मोज. इंचाला पाच धरून चाळीस इंचांना दोनशे टाके घातलेस, आणि तुझा हात साडेपाच देत असेल, तर कापड साडेछत्तीस इंचही भरत नाही. महिनाभराचं काम अंगात जात नाही मग. हा चौकोन सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. तरी विण.

या दमट हवेत हात घामेजतात आणि लोकर धातूच्या सुईवर अडखळते. हात धुऊन, कोरडे करून सकाळी बस. घाई नाही. हिवाळ्याच्या तोंडावर आंबिया बहाराची संत्री बाजारात येईपर्यंत मफलर होईल, आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत थंडी पडते तेव्हा गळ्यात असेल.

रविवारी ये. पट्टी आहे तशीच आण, सोबत एक क्रोशाची सुई. आपण एक टाका मुद्दाम पाडू आणि तीन-चार ओळी खाली घसरू देऊ. वर आडव्या दोऱ्यांची शिडी दिसेल. गुळगुळीत बाजू आपल्याकडे ठेवून क्रोशा सुटलेल्या फासात घालायचा, शिडीची सगळ्यांत खालची पायरी पकडून फासातून ओढायची, मग तिच्या वरची. यासाठी वेगळे थोडे टाके घालून दहा-बारा ओळी, एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणून आण.

तुझी,
काकू