प्रश्न तुमचे : पातेल्याबाहेरचा चहा

पानांचा चहा आणि काढ्यासारखे वनस्पतींचे चहा घरी कसे करावेत, कसे चाखावेत, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. दुधाच्या चहाचे प्रश्न सर्वांत जास्त होते. त्यातला गुळाचा तेवढा ठेवला, कारण तो कोल्हापुरात टाळणं शक्य नाही.

मुलीनं दार्जिलिंगहून चहा आणला. नेहमीप्रमाणे उकळून दूध घातलं तर गढूळ पाणी लागलं, आणि बिनदुधाचा केला तर कडूजहर. चूक कुठे होते? (राजारामपुरी)

चहात खोट नाही. नेहमीची पद्धत या चहाला लागू पडत नाही, एवढंच. आपण रोज वापरतो ती दाणेदार पावडर सीटीसी पद्धतीची. दातेरी रोळांमधून पान चिरडून, फाडून तिच्या गोळ्या केलेल्या असतात. त्यामुळे ती मिनिटाभरात रंग सोडते आणि उकळी, आलं, म्हशीचं दाट दूध सगळं पचवते. दार्जिलिंगचं पान फक्त वळलेलं असतं. मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीचं असेल तर ते पूर्ण काळंही झालेलं नसतं. हिरवट-तपकिरी दिसतं आणि पाण्याला फिकट सोनेरी रंग देतं. फिकट आहे म्हणून आणखी उकळलं की सुगंध वाफेबरोबर जातो आणि तुरटपणा तेवढा उरतो. वर दूध घातलं की दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं. मग चवीला काही राहतच नाही.

आधी घरातला कप मोजा. आपल्याकडचे चहाचे कप बहुधा १०० ते १२० मिलीचे असतात, आणि पुड्यावरचं प्रमाण मोठ्या मगाचं असतं. १५० मिली पाण्याला २ ग्रॅम पान घ्या. चमच्याच्या मापावर इथे विसंबू नका. सीटीसीचा सपाट चमचा अडीच-तीन ग्रॅमच्या आसपास भरतो, लांब पानाचा तेवढाच चमचा जेमतेम दीड ग्रॅम. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा असला की हा घोळ संपतो.

चिनी मातीची किटली गरम पाण्यानं विसळून ओतून टाका. पान घाला. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, ओता आणि झाका. पहिल्या खुडणीच्या चहाला ३ मिनिटं, मे-जूनच्या दुसऱ्या खुडणीच्या चहाला ४ मिनिटं पुरेत. मग सगळा चहा गाळून घ्या. पान किटलीतच ठेवून दुसरा कप नंतर ओतायचा ही सवय सोडा. पहिला कप छान आणि दुसरा कडू लागतो तो त्यामुळेच. तेच पान आणखी एकदा चालतं, वेळ दीड मिनिट वाढवून. मात्र त्याच दिवशी. ओलं पान रात्रभर ठेवून सकाळी वापरू नका.

आमच्या भिशीत या वेळी वेगवेगळे चहा चाखायचा बेत आहे. किती प्रकार ठेवावेत, चाखायचं कसं? (मंगळवार पेठ)

चार प्रकार ठेवा. त्यापुढे जीभ थकते आणि सगळंच सारखं लागायला लागतं. उदाहरणार्थ कांगड्याचा हिरवा, दार्जिलिंगचा पहिल्या खुडणीचा, निलगिरीचा काळा आणि आसामचा पानाचा काळा. क्रम सौम्यापासून दणकट चहाकडे. पुदिना, लवंग, तुळस असलेले काही ठेवणार असाल तर अगदी शेवटी, त्यांचा वास तोंडातून लवकर जात नाही.

चहा तपासण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पान, उकळतं पाणी आणि ६ मिनिटं असं आहे. ते दोष हुडकण्यासाठी आहे, मुद्दाम कडक. भिशीत असा चहा कुणाला आवडणार नाही. माप तेच ठेवा, काळ्या चहाला ४ मिनिटं आणि हिरव्याला २ मिनिटं द्या. एकाच बागेचे किंवा एकाच जातीचे दोन चहा ताडून पाहायचे असतील, तर मात्र वजन, पाणी आणि वेळ तंतोतंत सारखी हवी. नाहीतर फरक चहाचा की तुमच्या हाताचा, हे कळणारच नाही.

कप पांढरे आणि एकसारखे घ्या. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. प्रत्येक कपापुढे बशीत कोरडं पान ठेवा, गाळलेलं ओलं पानही तिथेच मांडा. ओल्या पानाचा वास गरम असतानाच घ्या, खरी ओळख तिथे पटते. ताज्या हिरव्या चहाला उकडलेल्या मटाराचा किंवा ओल्या गवताचा वास येतो. चांगल्या आसामला काकवीसारखा गोडसर वास असतो. कुबट किंवा जुन्या पोत्याचा वास आला तर त्या चहाला ओल लागली आहे असं समजा.

चहा वाफाळता पिऊ नका. चार-पाच मिनिटं निवू द्या, मग मोठ्या चमच्यात घेऊन जोरात भुरका मारा. बशीतून फुर्र करून पिणाऱ्या आजोबांना घरात बोलणी बसतात, पण धंदेवाईक चहापारखी नेमकं हेच करतात. भुरक्याबरोबर हवा आत जाते, चहाचे तुषार तोंडभर पसरतात आणि सुगंध घशामागून नाकात चढतो. नाक दाबून एक घोट घेऊन पाहा, मग सोडून दुसरा घ्या. चवीतला किती भाग नाकाचा आहे ते लगेच समजतं. गिळायची सक्ती नाही, थुंकायला एक वाटी ठेवा. चार वाट्या काळा चहा संध्याकाळी पोटात गेला तर रात्री झोप येणार नाही.

कडू आणि तुरट यांत गल्लत होते. कडवटपणा ही चव आहे. तुरटपणात हिरड्या आणि गाल आतून कोरडे पडल्यासारखे होतात, कच्च्या केळ्यानं होतात तसे. थोडा तुरटपणा चांगल्या काळ्या चहात असायलाच हवा.

मध्ये तोंड साफ करायला पाणी आणि साधे कुरमुरे ठेवा. भडंग नको. आणि दुपारच्या जेवणात तांबडा रस्सा असेल तर हा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी करा, तिखटानं भाजलेल्या जिभेला हलका चहा कळत नाही.

हिरवा चहा दर वेळी कडू होतो. थर्मामीटर नाही. (कागल)

पाणी फार गरम असतं म्हणून. ८० अंशांच्या आसपास पाणी हवं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. तीन भाग उकळतं आणि एक भाग माठातलं नव्हे, साधं पिण्याचं पाणी मिसळलं की ८० च्या जवळ येतं. मिसळून मग पानावर ओता. आधी उकळतं ओतून वरून गार घालण्यात अर्थ नाही, पान तोवर भाजलेलं असतं. २ मिनिटांत गाळा.

बोअरच्या पाण्यानं काळा चहा काळपट होतो, वर तवंग येतो, कपाला डाग पडतात. (उचगाव)

पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या द्रव्यांशी मिळून तो तवंग बनवतात. तेल किंवा भेसळ समजून चहा फेकू नका. खात्री करायची असेल तर ओतण्याआधी कपात लिंबाचे चार थेंब टाका, तवंग धरत नाही आणि रंगही उजळतो.

पण यावर उपाय म्हणून निव्वळ आरओचं पाणी वापरलं तर चहा पुळचट लागतो. त्या पाण्यात क्षार फारच कमी उरतात. दोन्ही मिसळून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५० ते १५० च्या दरम्यान आणा. आरओ दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडे मोजायचं यंत्र असतं, एकदा मोजून प्रमाण ठरवून टाका. जांभळ्या-निळ्या फुलांच्या चहांचा रंगही जड पाण्यात बिघडतो.

गवती चहा, तुळस, सुंठ, दालचिनी घालून चहा करते, पण प्रत्येक वेळी औषधाचा काढा होतो. प्रमाण काय ठेवावं? (गडहिंग्लज)

सगळं एकदम घालून दहा मिनिटं उकळलं तर काढाच होणार. साल, मूळ आणि बी यांना उकळी लागते, पान आणि फूल यांना लागत नाही. हा भेद पाळला की निम्मं काम झालं.

२५० मिली पाण्यात बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि तेवढाच ठेचलेला सुंठेचा तुकडा घालून मंद आचेवर झाकून ७-८ मिनिटं उकळा. पूड नको, चहा गढूळ होतो आणि घशाला लागतो. गॅस बंद करून गवती चहाची दोन ताजी पाती बोटभर तुकडे करून आणि तुळशीची ६-७ पानं हातानं चुरडून घाला. घट्ट झाकण ठेवून ५ मिनिटं थांबा. झाकण उचलाल तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील. ते सिंकमध्ये झटकू नका, परत पातेल्यात पडू द्या. गवती चहाचं सुगंधी तेल त्यात असतं. गाळणी बारीक हवी, पातीच्या कडा धारदार असतात.

आणि चार जिन्नसांचा हट्ट सोडा. एक मुख्य, एक जोडीला. गवती चहा आणि आलं, तुळस आणि वेलची, बडीशेप आणि ज्येष्ठमध अशा जोड्या जमतात. कपाला लवंग एकच, दोन झाल्या तर दुसरं काही लागणार नाही. ज्येष्ठमध मुळात गोड असतो, त्यावर गूळ नको.

बाजारात हिबिस्कस म्हणून मिळणारा आंबट लाल चहा बहुतेक वेळा लाल अंबाडीच्या फळाभोवतालच्या मांसल आवरणाचा असतो. दारातल्या जास्वंदीच्या फुलांचा चहा करून तो आंबटपणा आला नाही तर तुमचं काही चुकलेलं नाही. गोकर्णीच्या ५-६ सुक्या फुलांचा चहा निळाशार होतो, लिंबू पिळलं की जांभळा. पाहुण्यांपुढे मजा येते, पण चवीला तो जवळजवळ पाणीच. त्यात गवती चहा घालावाच लागतो.

सांभाळायचं ते एवढं : रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमध रोज घेऊ नये. जाड, एकपदरी सालीच्या दालचिनीत कुमारिन जास्त असतं, रोज भरपूर पोटात गेलं तर यकृताला बाधू शकतं. पातळ, अनेक पदरी गुंडाळी बरी. गरोदरपणात किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारूनच घ्या.

गुळाच्या चहात दूध नासतं. गूळ तर घरच्या गुऱ्हाळाचा आहे. (करवीर तालुका)

गुळात उसाच्या रसातली आम्लं आणि क्षार उरलेले असतात. दूध आणि गूळ एकत्र उकळले की दुधातलं केसीन फाटतं. पावसाळ्यात पाझरलेला गूळ आणखी आंबूस होतो, त्यानं लवकर नासतं. दुसरा चोर आलं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं, कोमट दुधात ते आपलं काम करतं. पाण्यात उकळलं की ते निकामी होतं.

म्हणून दोन कपांसाठी १५० मिली पाण्यात आलं आणि दोन चमचे पावडर ३ मिनिटं उकळा, गॅस बंद करा, २० ग्रॅम किसलेला गूळ विरघळवा, गाळा. दूध वेगळं तापवून, उकळी बसल्यावर वरून ओता. यानंतर पातेलं परत गॅसवर चढवायचं नाही. चहा राहिला आणि पुन्हा गरम केला, तर बहुतेक वेळा तिथेच फाटतो. दार्जिलिंगसारख्या चहात गूळ घालू नका, गुळाची स्वतःची चव इतकी ठसठशीत की खाली काय आहे ते कळत नाही.

पावसाळ्यात चहा सादळतो. फ्रिजमध्ये ठेवावा का? (शाहूपुरी)

नको. डबा बाहेर काढला की थंड पानावर दव धरतं. घट्ट झाकणाचा, अपारदर्शक, लहान डबा घ्या, म्हणजे आत हवा कमी राहते. जून ते सप्टेंबर पन्नास-शंभर ग्रॅमच आणा. कांदा-लसूण चटणीच्या बरणीच्या कपाटात चहा ठेवू नका, पान आसपासचा वास ओढून घेतं आणि तो काही केल्या जात नाही. गवती चहा किंवा तुळस वाळवून ठेवायची असेल तर पावसाआधी, सावलीत. देठ वाकलं तर ओल आहे, कट्‌कन मोडलं तर डब्यात भरा.

पन्हाळ्याला आमचं थोडं रान आहे. चहाची झाडं लावली तर? (कोल्हापूर)

कल्पना नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग झाले होते. चहाला आम्लधर्मी जमीन लागते, सामू (पीएच) ४.५ ते ५.५. पंचगंगेकाठची काळी माती त्याला चालत नाही. पन्हाळा, गगनबावड्याकडची जांभी माती जवळपास बसते, पण आधी माती तपासून घ्या. पावसाचं पाणी मुळाशी साचू नये म्हणून उताराची जागा निवडा. उन्हाळ्यात मात्र पाणी द्यावं लागेल.

रोप घेताना शोभेचा कॅमेलिया गळ्यात मारून घेऊ नका, त्याच कुळातलं असलं तरी ते चहाचं झाड नव्हे. खुडायला साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. एक किलो चहाला चार ते साडेचार किलो ओलं पान लागतं, म्हणजे दहा ग्रॅम कोवळ्या शेंड्यांतून एक कप निघेल. दोन पानं आणि कळी खुडून मिनिटभर वाफवा, तळहातावर वळा आणि मंद तव्यावर सुकवा. एवढ्यावर घरचा हिरवा चहा होतो.

गच्चीवर कुंडीत लावणार असाल तर बोअरचं पाणी घालू नका. त्यातल्या चुन्यानं मातीचा सामू वाढतो, झाडाला लोह मिळेनासं होतं आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. पावसाचं पाणी पिंपात साठवून तेच वापरा.