पाऊल आणि पॅडल : रोजच्या सायकलीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी येळ्ळूरहून उद्यमबागेतील कारखान्यात रोज सायकलने जातो. सायकलीबरोबर आलेली प्लॅस्टिकची पॅडले पावसात इतकी बुळबुळीत होतात की गेल्या पंधरवड्यात दोनदा पाय सटकून नडगीला लागले. पायात कारखान्याचे सेफ्टी शूज असतात. दुकानदाराने बुटात अडकणारी क्लिपची पॅडले आणि त्यांचे खास बूट सुचवले आहेत. ते घ्यावेत काय? — एक कामगार वाचक

उत्तर : घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या पॅडलमध्ये बुटाच्या तळव्याला बसवलेली धातूची पट्टी स्प्रिंगच्या जबड्यात अडकते आणि टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटते. मोकळ्या रस्त्यावर तासभर न थांबता जाणाऱ्याला तिचा उपयोग होतो. तुम्हाला मात्र पाळी सुटण्याच्या गर्दीत, वळणावर अचानक पुढे येणाऱ्या रिक्षापाशी आणि खड्ड्यापाशी पाय चटकन खाली टेकवावा लागतो. घर ते कारखाना असा पाय किती वेळा टेकतो, ते एक दिवस मोजून पाहा. पॅडल आणि पादत्राण निवडताना मी हाच प्रश्न सर्वांत आधी विचारतो. किंमत, वजन आणि वेग यांचा विचार त्यानंतर. शिवाय त्या बुटांनी कारखान्यात काम करता येणार नाही, म्हणजे रोज दोन जोड वागवावे लागतील.

तुमची अडचण बुटांची नसून पॅडलांची आहे. सेफ्टी शूजचा तळवा जाड आणि ताठ असतो, आणि पॅडल मारण्यासाठी ताठ तळवा चांगलाच, कारण पायाचा जोर तळवा वाकवण्यात वाया जात नाही. फक्त त्याला बसायला रुंद आणि खरखरीत जागा हवी. सुमारे १० सेंटिमीटर लांब-रुंद असलेली, दोन्ही बाजूंनी सारखी सपाट पॅडले घ्यावीत. त्यांच्या पृष्ठभागावर लहान उंचवटे असावेत. नायलॉनच्या पॅडलमध्ये हे उंचवटे साच्यातूनच आलेले असतात, तर अॅल्युमिनियमच्या पॅडलला काढता-घालता येणाऱ्या धातूच्या पिना असतात. पिनांची पकड अधिक घट्ट असते, पण पाय चुकलाच तर त्या नडगी फाडतात आणि मऊ रबरी तळवाही झिजवतात. म्हणून रोजच्या वापराला मी नायलॉनचीच पॅडले पसंत करतो. आपल्याकडच्या जुन्या काळ्या उभ्या सायकलींना असत ती रबरी ठोकळ्यांची पॅडलेही ओल्या बुटाला बऱ्यापैकी धरतात, मात्र ठोकळे झिजून गुळगुळीत झालेले नसावेत.

एक गोष्ट दुकानातच तपासावी. कारखान्याचा बूट घालून खोगिरावर बसा, पॅडल पुढे आडवे आणा आणि हँडल पूर्ण वळवा. लहान चौकटीच्या सायकलीवर जाड बुटाचे टोक पुढच्या चाकाला किंवा मडगार्डला लागू शकते. तसे होत असेल, तर सावकाश वळताना ज्या बाजूचा बूट लागतो त्या बाजूचे पॅडल पुढे ठेवू नये. त्याचप्रमाणे बुटाची टाच मागच्या नळीला घासत नाही, हेही पाहावे.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील शाळेत शिक्षिका आहे. घरापासून शाळा जवळ असल्याने अलीकडे पुन्हा सायकल चालवू लागले आहे. पायात कोल्हापुरी चप्पल असते आणि पोशाख साडी किंवा सलवार-कमीज. निराळे बूट घेण्याची खरोखर गरज आहे काय? — एक वाचक

उत्तर : कोल्हापुरीविषयी मला फार आस्था आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील चार जिल्ह्यांचाही त्यात समावेश झाला आणि आपला बेळगाव जिल्हा त्यांतलाच एक आहे. अथणी आणि निपाणीकडच्या कारागिरांच्या हातची चप्पल चालण्यासाठी उत्तमच; पण पॅडलवर ती धोक्याची ठरते. तिला मागून पट्टा नसतो, त्यामुळे पाय वर येताना टाच सुटते, आणि वापराने गुळगुळीत झालेला चामड्याचा तळवा ओल्या पॅडलवरून सहज घसरतो. भिजलेले चामडे फुगते, हे वेगळेच. ती पिशवीत घालून न्यावी आणि शाळेत पायात घालावी.

सायकलीसाठी खास बुटांची आवश्यकता नाही. मागे पट्टा असलेली, बोटे झाकणारी आणि रबरी तळव्याची सँडल पावसाळ्यात उत्तम, कारण ती लवकर वाळते. कोरड्या दिवसांत कॅनव्हासचे साधे बूट चालतील. नाडीची टोके मात्र आत खोचावीत, नाहीतर ती उजव्या पॅडलभोवती किंवा साखळीत गुंततात. पोशाखासाठी पूर्ण झाकणीचे चेनकव्हर आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्यावी. ओढणी आणि पदर मागे न सोडता कमरेला खोचावा. वह्यांची पिशवी खांद्याला अडकवू नये, कारण ती झुलली की तोल जातो. पुढची टोपली किंवा मागचा कॅरियर हीच तिची जागा.

प्रश्न : मी निपाणीचा महाविद्यालयीन विद्यार्थी. रोज कॉलेजला सायकलनेच जातो, आणि रविवारी चिकोडीपर्यंत जाऊन येतो. परतताना पायाच्या बोटांना मुंग्या येतात. क्लिपच्या पॅडलने हा त्रास थांबेल काय? — एक वाचक

उत्तर : थांबेलच असे नाही, म्हणून आधी बिनखर्चाचे उपाय करून पाहावेत. लांबच्या अंतरावर पाय थोडे सुजतात आणि सकाळी नीट बसणारा बूट दुपारी आवळू लागतो. अर्ध्या वाटेवर नाडी सैल करावी. धावण्याचे मऊ बूट वापरत असाल तर ते बदलावेत, कारण त्यांचा तळवा पॅडलवर दबतो आणि सगळा भार एकाच ठिकाणी येतो. पायाचा चवडा पॅडलच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असावा. बोटांवर जोर देऊन पॅडल मारण्याची सवय अनेकांना असते, आणि मुंग्यांचे ते एक मोठे कारण आहे. खोगीर फार उंच असले तरी बोटे खाली ताणली जातात. चप्पल-बूट काढून खोगिरावर बसावे आणि टाच सर्वांत खाली असलेल्या पॅडलवर ठेवावी. पाय गुडघ्यात जवळजवळ सरळ झाला पाहिजे आणि कंबर मात्र एका बाजूला कलता कामा नये.

एवढे करूनही क्लिप हवीच असेल, तर तुमच्यासारख्याला ती शोभेल, कारण रविवारचा तुमचा रस्ता मोकळा आहे. शिमानोने १९९० मध्ये आणलेल्या एसपीडी प्रकारात पट्टी दोन स्क्रूंनी बसते आणि तळव्याच्या खाचेत आत राहते, त्यामुळे त्या बुटांनी चालता येते. शर्यतीच्या सायकलींची तीन स्क्रूंची मोठी पट्टी तळव्याबाहेर येते आणि फरशीवर घसरते. ती कॉलेजच्या जिन्यावर नकोच. एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने क्लिपची अशी पॅडले मिळतात, तीच घ्यावीत, म्हणजे रोज साधे बूट चालतील. स्प्रिंग सर्वांत सैल ठेवून हिरवळीवर निदान पन्नास वेळा पाय अडकवावा आणि सोडवावा. सायकल थांबण्याच्या आधी पाय सोडवायचा असतो, थांबल्यावर नव्हे. मी हे विसरलो तेव्हा आडवा पडून मनगट दुखावले. पावसाळ्यात तुमच्याकडची काळी चिकणमाती पट्टीच्या खाचेत घट्ट बसते आणि मग पाय अडकतही नाही, सुटतही नाही. खिशात एखादी काडी ठेवावी. पट्टी वाकडी बसली तर गुडघा दुखू लागतो. तसे झाल्यास लगेच थांबून ती सरळ करावी, सवय होण्याची वाट पाहू नये.

प्रश्न : आठवीतील मुलीसाठी सायकल घेतली. पैसे मोजकेच आहेत. इतर साहित्यापैकी आधी काय घ्यावे? — एक पालक, शहापूर

उत्तर : डोक्याला नीट बसणारे हेल्मेट आणि मागचा लाल दिवा. हेल्मेट कपाळावर खाली असावे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात दोनच बोटे जावीत. शिकवणीहून परतताना अंधार पडत असेल, तर पुढचा पांढरा दिवाही त्याच दिवशी घ्यावा आणि त्याचा झोत रस्त्याकडे कललेला ठेवावा. पॅडलवरचे पिवळे परावर्तक काढून टाकू नयेत. घोट्याला चमकणारी पट्टी बांधली तर फारच उत्तम, कारण वर-खाली हलणारा प्रकाश पाहिला की मागच्या चालकाला पुढे सायकलस्वार आहे हे चटकन कळते. ऊस वाहतुकीच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर दिवे नसलेल्या ट्रॉल्या असतात, तेव्हा हे मी विशेष कळकळीने लिहितो. घंटी आणि दोन्ही मडगार्ड सायकलीबरोबर आले नसतील तर ते त्यानंतर, कुलूप त्यापुढे. बाटली अडकवण्याची चौकट आणि मोबाइलचा स्टँड यांवाचून काही अडत नाही.

प्रश्न : नवीन पॅडल बसवायचे आहे, पण जुने डावे पॅडल कितीही जोर लावला तरी निघत नाही. — एक वाचक, वडगाव

उत्तर : तुम्ही ते बहुधा अधिकच आवळत आहात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. सरळ असते तर चालवता चालवता ते आपोआप सैल झाले असते. १५ मिलिमीटरचा पातळ पाना वरच्या दिशेने उभा लावावा आणि त्याचे टोक मागच्या चाकाकडे ढकलावे. दोन्ही बाजूंची पॅडले अशीच सुटतात. गंजले असेल तर आट्यांवर तेल सोडून रात्रभर ठेवावे. नवीन पॅडलचे आटे मोठ्यांच्या बहुतेक सायकलींना ९/१६ इंचाचे लागतात, लहान मुलांच्या काही सायकलींना अर्ध्या इंचाचे. म्हणून जुने पॅडल दुकानात बरोबर न्यावे. आसावर डावे-उजवे लिहिलेले असते, ते पाहून आट्यांना ग्रीस लावावे आणि पहिले चार-पाच फेरे पान्याने नव्हे, बोटांनीच द्यावेत. वाकडे गेलेले आटे क्रँक, म्हणजे पॅडल ज्यात बसते तो दांडा, कायमचा निकामी करतात. आठवडाभराने पाना पुन्हा एकदा लावून पाहावा.