महापालिका नाटकाला पैसे देते का? देते, पण तुमच्या हातात नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या आठ जणांच्या गटाने दोन एकांकिका केल्या, आता दोन अंकी नाटक बसवलंय. खिसे रिकामे आहेत. कुणीतरी सांगितलं की पालिकेच्या अंदाजपत्रकात कला-संस्कृतीसाठी तरतूद असते. तर अर्ज कुठे करायचा आणि किती मिळतात?

मी हौशी आणि प्रायोगिक नाटकात वीसेक वर्षं आहे. त्यातली निम्मी 'मॅनेजर' म्हणून गेली, म्हणजे स्टेजवर कमी आणि खिडक्यांसमोर जास्त. त्या अनुभवावर सरळ सांगतो. "आम्हाला नाटक करायचंय, पन्नास हजार द्या" असा अर्ज घेऊन गेलात तर चहा मिळेल, फार तर पोचेचा शिक्का. पालिकेचा पैसा नाटकापर्यंत रोख पोचत नाही, तो इमारतीच्या रूपाने पोचतो. तुम्हाला मिळू शकणारं अनुदान म्हणजे रंगमंदिरातली एक तारीख, नाटकाच्या दराने, म्हणजे नाटकासाठी असलेल्या कमी भाड्याने. हे लक्षात आलं की कुठे हात घालायचा आणि कुठे वेळ घालवायचा नाही ते कळतं.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 मध्ये पालिकेची कामं दोन ठिकाणी दिली आहेत. कलम 63 मध्ये करायलाच हवीत अशी, म्हणजे पाणी, ड्रेनेज, रस्त्यावरचे दिवे, प्राथमिक शाळा वगैरे. कलम 66 मध्ये मर्जीची. ग्रंथालयं, संग्रहालयं, कलादालनं ही मंडळी दुसऱ्या यादीत बसतात. पुढे 74 वी घटनादुरुस्ती झाली आणि बाराव्या अनुसूचीत शहरांकडे द्यायचे 18 विषय आले. त्यात तेराव्या क्रमांकावर सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन देणं आहे. वाचायला छान वाटतं. पण व्यवहारात कलेवरचा खर्च ऐच्छिक तो ऐच्छिकच. पाणीपट्टीची वसुली घसरली की पहिली कात्री कुठे लागते ते सांगायला नको.

त्यात आणखी एक गंमत असते, तिला वर्गीकरण म्हणतात. एका लेखाशीर्षाखाली ठेवलेली रक्कम वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कामाकडे वळवायची. मार्चमध्ये अंदाजपत्रकात 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हणून दिसलेली रक्कम दिवाळीनंतर एखाद्या गल्लीत फरसबंदी होऊन बसलेली असते. म्हणून पेपरात तरतुदीचा आकडा वाचून हुरळू नका. मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च किती झाला तो रकाना बघा. अंदाजपत्रकाचं पुस्तक पालिकेच्या संकेतस्थळावर असतं आणि शेजारी-शेजारीच हे रकाने असतात.

आता पैसा जातो कुठे? पुरस्कारांना जातो. पुणे पालिकेचा बालगंधर्व पुरस्कार आहे, पठ्ठे बापूरावांच्या नावाने आहे, भीमसेनजींच्या नावाने स्वरभास्कर आहे. चांगली गोष्ट आहे, पण ती आयुष्यभर काम केलेल्यांसाठी. तुमच्या गटाचं सरासरी वय चोवीस. महोत्सवांना जातो, त्यात मांडव, ध्वनिवर्धक आणि निवेदक यांचं भलं होतं. पूर्वी नगरसेवकांच्या 'स' यादीतून, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या कामांच्या तरतुदीतून, प्रभागात एखादा कार्यक्रम बसायचा. त्यासाठी नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात दोन-तीनदा खेटे घालावे लागत आणि बॅनरवर त्याचा फोटो तुमच्या नायकापेक्षा मोठा येई. 14 मार्च 2022 ला पुणे पालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकच होता, तेव्हा तेही दार बंद झालं. मुख्य सभा नाही, स्थायी समिती नाही, सगळं एका सहीवर. आमच्यातल्या काहींना ते बरं वाटलं. मला नाही वाटलं. भांडायला समोर कुणी तरी लागतं.

उरलेला आणि खरा मोठा पैसा रंगमंदिरांत आहे. बालगंधर्व, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, पद्मावतीचं अण्णा भाऊ साठे सभागृह, स्वारगेटचं गणेश कला क्रीडा मंच, औंधचं भीमसेन जोशी कलामंदिर, वानवडीचं महात्मा फुले सांस्कृतिक भवन, शिवाय घोले रोडचं नेहरू सांस्कृतिक भवन आणि तिथलं राजा रविवर्मा कलादालन. पलीकडे पिंपरी-चिंचवड पालिकेचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, आचार्य अत्रे रंगमंदिर आणि पिंपळे गुरवचं निळू फुले नाट्यगृह आहेच. वीज, एसी, सफाई, सुरक्षारक्षक, पगार आणि नदीकाठच्या किंवा हमरस्त्यावरच्या त्या जागेचं मोल, हे सगळं धरलं तर नाटकवाल्याने भरलेलं भाडं खर्चाच्या आसपासही पोचत नाही. मधला फरक शहर भरतं. हेच अनुदान. पावतीवर लिहिलेलं नसतं इतकंच.

बालगंधर्वची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण हा विचार तिथूनच रुजला. 8 ऑक्टोबर 1962 ला भूमिपूजन झालं ते खुद्द नारायणराव बालगंधर्वांच्या हस्ते. इमारत उभी राहायला सहा वर्षं लागली आणि 26 जून 1968 ला, त्यांच्या जन्मदिवशी, रंगमंदिर खुलं झालं. ते बघायला बालगंधर्व नव्हते, आदल्याच वर्षी जुलैत गेले होते. नाट्यगृह कसं असावं याचा विचार करणाऱ्यांत पु. ल. देशपांडे होते, आणि ते जाणवतं. विंगेत उभं राहून समोर बघा, शेवटच्या रांगेतला माणूसही लांब वाटत नाही. एका पालिकेने, करदात्यांच्या पैशातून, एका नटाच्या नावाने, नाटक कळणाऱ्यांना विचारून बांधलेली वास्तू. 2018 पासून तिच्या पुनर्विकासाचा विषय अधूनमधून वर येतो आणि कलावंत रस्त्यावर येतात, ते केवळ आठवणींपोटी नाही. नवीन इमारत होईपर्यंतच्या तारखा कुठून आणायच्या, आणि नंतर भाडं काय असेल, हा रोकडा प्रश्न आहे.

आता तारीख. हे जरा सावकाश सांगतो, कारण सगळं इथेच अडतं.

मोठ्या रंगमंदिरांत दिवसाची तीन सत्रं असतात: सकाळ, दुपार, रात्र. पुढच्या काही महिन्यांच्या तारखा एकदम वाटल्या जातात. मी पहिल्यांदा अशा वाटपाला बसलो ते एका वेगळ्याच शहरात. लांब टेबल, त्यावर लग्नाच्या आहेराच्या वहीसारखं जाडजूड रजिस्टर, एका पानावर एक दिवस, पानात तीन चौकोन. पुढच्या रांगेत व्यावसायिक निर्मात्यांची माणसं, त्यांच्या हातात आधीच टाचून आणलेल्या याद्या. त्यांच्यामागे ऑर्केस्ट्रावाले आणि लावणीचे कार्यक्रम करणारे. त्यांच्यामागे शाळांचे गॅदरिंगवाले सर. आणि सगळ्यात मागे आम्ही. क्लार्क आधी पेन्सिलीने नाव लिहायचा, पैसे भरले की त्यावर पेन फिरवायचा. आमची पाळी आली तेव्हा शनिवार-रविवार काळे झाले होते. "बुधवार सकाळ आहे, घेताय?" बुधवारी सकाळी नाटक बघायला कोण येणार? घेतली. एकशे वीस माणसं आली, त्यातली बरीच निवृत्त. ती पुढच्या प्रत्येक प्रयोगाला येत राहिली.

तेव्हा पहिला सल्ला: आडवारची आणि आडवेळेची तारीख मागा. तिथे स्पर्धा नसते आणि नकार द्यायला कारणही नसतं. दुसरा सल्ला: लावणीला नाकं मुरडू नका. ते कार्यक्रम तिकिटावर चालतात आणि रंगमंदिराचा पडदा आठवडाभर हलता ठेवतात. त्यांच्यातले व्यवस्थापक त्यांना नको असलेली तारीख तुमच्याकडे फिरवून देतील, एवढी ओळख ठेवा. माझ्या दोन तारखा अशाच मिळाल्या आहेत.

आणि पावतीच्या मागचा बारीक मजकूर वाचा. त्यात एक अट बहुतेक ठिकाणी असते: प्रशासनाला गरज पडल्यास तारीख काढून घेण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. मी ती वाचली नव्हती. प्रयोगाच्या आठ दिवस आधी फोन आला, "साहेबांचा मेळावा लागलाय, तुमची तारीख घेतोय." शहराचं नाव सांगत नाही, ते कुठेही घडू शकतं. दोनशे बारा तिकिटं गेली होती. भाडं परत यायला चार महिने लागले. पोस्टर, टेम्पो, लाइट्सवाल्याचा ॲडव्हान्स यांचं काहीच नाही. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. बुकिंगच्या दिवशीच एक पानी पत्र द्यायचं: तारीख काढून घेतल्यास त्याच महिन्यातलं पर्यायी सत्र मिळावं. पोचेचा शिक्का घ्यायचा. बंधनकारक काही नाही, पण फाइलीत कागद असला की समोरच्या माणसाला तुमची बाजू वर मांडता येते. दोनदा उपयोग झाला.

रंगमंदिराच्या अवस्थेबद्दल सगळेच ओरडतात आणि व्यवस्थापकाला झोडतात. त्याच्या हातात फारसं नसतं हे मला उशिरा कळलं. गळती भवन विभागाकडे, एसी आणि दिवे विद्युत विभागाकडे, स्वच्छता कंत्राटदाराकडे. मेकअप रूममधला गेलेला बल्ब बदलायला त्याला दुसऱ्या खात्याला पत्र लिहावं लागतं. त्यामुळे तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लेखी द्या, खोली क्रमांक टाकून द्या, आणि प्रत संबंधित खात्याला. "दुरवस्था झाली आहे" असं लिहू नका. "पुरुषांच्या मेकअप रूममध्ये आठपैकी तीन बल्ब चालू, बेसिनला पाणी नाही" असं लिहा.

देखभाल हीच कलेला दिलेली मदत, हे कोल्हापूरने फार महाग किमतीला शिकवलं. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभारलं. पुढे त्याला संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं आणि ते महापालिकेकडे आलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. समोरची दगडी भिंत उभी, आत कोळसा. तिथल्या हौशी गटांचं त्या रात्री काय गेलं याचा विचार करा. नाटकाच्या दरातली तारीख गेली. रोख अनुदान असतं तर ते पुढच्या महिन्यातही मिळालं असतं, रंगमंच नाही.

तुमच्या हातात रोख पडेल अशी जागा पालिकेत नाही, राज्य सरकारकडे आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्यस्पर्धा 1954 पासून चालू आहे. भाग घेणाऱ्या संस्थेला प्रयोगासाठी खर्च मिळतो, केंद्रावर रंगमंच मिळतो, परीक्षक बघतात. रक्कमेत श्रीमंत होणार नाही, पण नेपथ्याची लाकडं निघतात. त्यासाठी संस्था नोंदलेली लागते. आठ जणांचा व्हॉट्सॲप गट चालत नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी, पॅन, बँक खातं आणि दरवर्षी हिशेब तपासून घेणं. कंटाळवाणं आहे, पण तीन वर्षांचे तपासलेले हिशेब हाताशी असले की पुढे कुठल्याही अनुदानाच्या अर्जात तुम्ही माणसात येता.

नाटक नवीन आहे म्हणताय, तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, आजच पाठवा. त्यांचं प्रमाणपत्र नसेल तर तारीख हातात असून पडदा उघडत नाही. तिकीट पाचशेच्या आत ठेवा, नाटकाच्या तिकिटावर तेवढ्यापर्यंत जीएसटी नाही. तसंही पाचशेचं तिकीट आपलं कोण घेणार म्हणा.

पहिल्याच प्रयोगाला बालगंधर्व धरू नका, असं मी सांगेन. ती जागा भरायला जवळजवळ हजार माणसं लागतात आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर नवा नट खचतो. सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह अशा छोट्या खासगी जागांत चार प्रयोग करा, नाटक घट्ट होऊ द्या, मग पालिकेच्या छोट्या सभागृहाची बुधवार सकाळ घ्या. अर्ज गटाच्या लेटरहेडवर, सोबत संहितेचं प्रमाणपत्र, नोंदणीची प्रत आणि तीन पर्यायी तारखा. एकच तारीख लिहिली की उत्तर "नाही" येतं, तीन लिहिल्या की "यातली ही बघा" येतं.

आणि मेकअप रूमसाठी बल्ब घरून न्या. होल्डर पिनेचा आहे की आट्यांचा ते मात्र आदल्या दिवशी जाऊन बघून या. आम्ही एकदा डझनभर नेले होते आणि एकही बसला नव्हता.