ऑकलंडला बोट घेताय? आधी घरापासून पाण्यापर्यंतची मिनिटं मोजा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मार्चमध्ये ठाण्याहून ऑकलंडला नोकरीसाठी येताय, श्रीवर्धनला मामांची होडी होती म्हणून समुद्राचं वेड आहे, आणि पहिल्याच उन्हाळ्यात साडेपाच-सहा मीटरची मोटरबोट घ्यायचा बेत आहे. वहिनींना बोट लागते हे शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलंत. आणि प्रश्न असा की, "ताई, बोट असलेली माणसं खरंच किती वेळा पाण्यात जातात? दर शनिवारी तरी?"

दर शनिवारी नाही. जवळपासही नाही.

मी वही ठेवते, त्यामुळे माझ्यापुरतं आकड्यात सांगता येईल. बोट घेतली नोव्हेंबर 2018 मध्ये. पहिल्या वर्षी 23 फेऱ्या झाल्या. दुसऱ्या वर्षी 14, कारण 2020 च्या मार्चअखेरीस लॉकडाऊन लागला आणि मोटरबोट पाण्यात घालायलाच बंदी आली. नंतर 11, मग 9, आणि 2022-23 मध्ये फक्त 6. त्या उन्हाळ्याला अर्थात निमित्त होतं. 27 जानेवारीला शहर पाण्याखाली गेलं, जेमतेम दोन-अडीच आठवड्यांत गॅब्रिएल वादळ आलं, आणि खाडीत ओंडके तरंगत होते. पण खरं सांगायचं तर वादळ नसतं तरी फार तर आठ झाल्या असत्या. पुढच्या वर्षी आकडा एकदम 19 वर गेला. बोट तीच, नोकरी तीच, हवाही काही फार सुधारली नव्हती. बदललं होतं ते घर.

हे नीट सांगते, कारण माझं सगळं म्हणणं यातच आहे. पहिली तीन वर्षं आम्ही भाड्याच्या जुन्या घरात होतो. पुढे लांबरुंद ड्राइव्हवे, बोट स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. 2021 मध्ये फ्लॅट बुश या उपनगरात स्वतःचं टाउनहाउस घेतलं. नवं, उबदार, आणि ट्रेलर उभा करायला इंचभर जागा नाही. इथली बहुतेक नवी घरं अशीच आहेत, एकाला एक चिकटलेली. मग बोट पंचवीस मिनिटांवरच्या एका यार्डात, महिना 150 डॉलर भाड्याने. म्हणजे समुद्रावर जायचं तर आधी यार्डात जा, फाटकाचा कोड दाबा, बोट गाडीला जोडा, परत उलटं या, मग रॅम्प, म्हणजे ट्रेलरवरून बोट पाण्यात सोडायचा उतार. संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने, तेही मिठाने अंग चरचरत असताना. शुक्रवारी रात्री हवामानाच्या अंदाजात वारा 12 नॉट (ताशी साधारण 22 किलोमीटर) दिसला की पूर्वी मी बर्फ भरायला घ्यायचे. आता "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणून झोपायला लागले. 2023 मध्ये आम्ही ते घर विकून हाफ मून बेच्या रॅम्पपासून आठ मिनिटांवर एक जुनं, थंडीत कुडकुडवणारं घर घेतलं. घरात यांचं आणि माझं त्यावरून महिनाभर वाजलं होतं. पण आकडा 6 वरून 19 झाला.

समुद्राची ओढ सगळ्यांनाच असते, पैसेही बहुतेक जण जमवतात. फेऱ्या ठरतात त्या घराचं दार आणि पाणी यांच्यामध्ये किती मिनिटं आणि किती कटकटी आहेत त्यावरून.

माझे शेजारी निवृत्त सुतार आहेत, इथलेच. त्यांच्याकडे चार मीटरची अॅल्युमिनियमची उघडी बोट आहे. इथे तिला टिनी म्हणतात. किंमत माझ्या बोटीच्या पाचव्या हिश्शाचीही नसेल. ते वर्षात शंभरेक वेळा जातात. मंगळवारी सकाळी, वारा पडला की. रॅम्प रिकामा, एकट्याने ढकलली की बोट पाण्यात, दोन तासांत दोन मासे घेऊन घरी, हात धुऊन चहा. आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला साडेआठ मीटरची केबिनवाली देखणी बोट ताडपत्रीखाली उभी आहे. ती मी दोन वर्षांत दोनदा हललेली पाहिली, त्यातली एक वेळ ट्रेलरच्या तपासणीसाठी!

या तपासणीची एक गंमत. इथे हौसेच्या बोटीला नोंदणी लागत नाही, चालवायला परवानाही लागत नाही. पण तिच्या खालच्या ट्रेलरला दोन्ही लागतं, नोंदणी आणि ठरावीक मुदतीने 'वॉरंट ऑफ फिटनेस', म्हणजे रस्त्यावर न्यायला योग्य असल्याचा दाखला. आणि ट्रेलर ओढताना गाडी नव्वदच्या वर न्यायची नाही. परवाना लागत नाही म्हणजे शिकायचं नाही असं मात्र समजू नका. कोस्टगार्डचा डे स्किपर कोर्स आल्या आल्या करा. इथलं कोस्टगार्ड म्हणजे आपल्याकडचं पांढऱ्या गणवेशातलं दल नव्हे. ती स्वयंसेवकांची संस्था आहे, शनिवारी तुम्हाला ओढून आणणारा माणूस सोमवारी बँकेत भेटू शकतो. वार्षिक सभासदत्व घ्या आणि निघताना रेडिओवर बोटीत किती जण, कुठे जाणार, कधी परतणार हे सांगायची सवय लावा. परत आल्यावर तेही सांगायचं, नाहीतर तुमच्यासाठी कुणीतरी जेवण सोडून उठतो.

आता हवेचं. वर्षात 52 शनिवार. त्यातले जून ते ऑगस्टचे बाजूला काढा, थंडी आणि पाऊस. (शाळेतलं सगळं गणित इथे सहा महिने उलटं फिरतं. नारळी पौर्णिमा ऐन थंडीत येते. हर्णैला त्या दिवशी समुद्र उघडायचा, मी इथे जॅकेट घालून रॅम्पवर नारळ फोडते, पाणी समुद्राला वाहते आणि खोबरं घरी आणते.) हिवाळ्यातही मधूनच दोन-तीन दिवस काचेसारखं पाणी मिळतं, पण ते हटकून बुधवारी. उरलेल्या शनिवारांपैकी अर्ध्यांना वारा 15 नॉटच्या वर. माझ्या साडेपाच मीटरच्या बोटीला 15 ही लक्ष्मणरेषा आहे. इथे नैऋत्येचा वारा जास्त, आणि ऑकलंडच्या पूर्वेचं हौराकी आखात त्याला जमिनीच्या आडोशाला पडतं म्हणून आपली चंगळ. पण ईशान्येचा सुटला की तेच आखात उसळतं. आणि वारा एकीकडून, ओहोटीचं पाणी दुसरीकडून असं समोरासमोर आलं की रांगीतोतो बेटाच्या वाटेवर आखूड, उभ्या लाटा होतात. आकड्यात 12 नॉट, पण पाठीचा मणका मोजून घ्यावा लागतो. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची छोटी) हे शब्द मामांकडून ऐकले असतीलच, ते इथे रोज कामाला येतील. उधाणाला पाणी साधारण तीन मीटर वरखाली होतं. पूर्वेच्या उथळ खाड्यांतल्या काही रॅम्पवर ओहोटीला नुसता चिखल असतो, म्हणजे भरतीची वेळही शनिवार-रविवारशी जुळायला हवी.

पश्चिमेच्या मानुकाउ खाडीत आत मासेमारी उत्तम आहे, पण तिच्या तोंडावरचा बार, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा बांध, ओलांडून बाहेर पडायचा विचार पहिली पाच वर्षं करू नका. 1863 मध्ये ब्रिटिश नौदलाचं 'ऑर्फियस' जहाज तिथेच फुटलं आणि 189 माणसं गेली. या देशातला तो आजवरचा सर्वांत मोठा सागरी अपघात.

हवा, भरती आणि सुट्टी जुळली की उरतो घरचा शनिवार. मुलाचं क्रिकेट, मंडळाची मराठी शाळा, वाणसामान, कुणाच्या तरी घरी सत्यनारायण. तीन तास पाण्यात राहायचं म्हणजे घरातले सात तास जातात हे धरून चाला. आदल्या रात्रीची तयारी, जानेवारीत रॅम्पवरची रांग, ट्रेलरला जागा शोधणं, परत आल्यावर इंजिनातून गोडं पाणी फिरवणं, बोट धुणं, मासे साफ करणं. ही धुलाई टाळता येत नाही. खारं पाणी ट्रेलरच्या बेअरिंगना जितक्या लवकर खातं तितक्या लवकर आपण माशाला खात नाही.

आणखी एक दुष्टचक्र आहे. बोट जितकी कमी चालते तितकी जास्त बिघडते. त्या सहा फेऱ्यांच्या वर्षी सात आठवड्यांनी बोट काढली. रॅम्पवर मागे आठ गाड्यांची रांग, बोट पाण्यात, किल्ली फिरवली आणि बॅटरी मेलेली. मुलगा तोंड लपवून गाडीत बसला. मागच्या एका काकांनी न बोलता दोर पकडला, बोट बाजूला घेतली, आम्ही ती परत ट्रेलरवर चढवून घरी आलो. ती फेरी मी वहीत मोजलेली नाही. त्यानंतर महिनाभर जायची इच्छाच झाली नाही, आणि त्या महिन्यात टाकीतलं पेट्रोल शिळं झालं.

खर्चाचं विचारलं नाहीत, पण सांगते, कारण तो फेऱ्यांवरच अवलंबून आहे. माझी बोट वापरलेली, ट्रेलरसकट 40,000 न्यूझीलंड डॉलरला. यार्डाच्या त्या वर्षी विमा 550, इंजिनाची सर्व्हिस 900, यार्ड 1,800, ट्रेलरची कागदपत्रं 150, बॅटरी, बेअरिंग, मुदत संपलेले फ्लेअर (संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या मशाली) बदलणं वगैरे 600, आणि बोटीची किंमत उतरली ती अंदाजे 2,000. झाले 6,000. भागिले सहा फेऱ्या, म्हणजे फेरीला हजार डॉलर. पेट्रोल वेगळं, दर फेरीला चाळीसेक लिटर. पैसे घेऊन मासेमारीला नेणाऱ्या चार्टर बोटीवर दिवसभराची जागा याच्या पाव खर्चात मिळते, आणि तिथे बोट धुवावी लागत नाही. आज यार्डाचं भाडं नाही आणि फेऱ्या तिप्पट, म्हणून हिशेब सुसह्य झाला आहे. पण "मासे खाऊन पैसे वसूल" हे मनातून काढून टाका. स्नॅपर दिसायला आपल्या तांबोशीचा भाऊबंद आणि चवीला फार छान, पण आखातात माणशी दिवसाला सात, आणि 30 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात. हौसेने पकडलेला मासा विकणं गुन्हा आहे. वाटता येतो, त्यामुळे आमचे मित्र वाढले.

आता वहिनींचं. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. बोट रॅम्पवरून उतरवायला दोन माणसं असली की वीस मिनिटांचं काम आठ मिनिटांत होतं, आणि घरातलं दुसरं माणूस रुसून काठावर बसत असेल तर बोट आपोआप थांबते. आमच्याकडे बोट यांना लागते. हर्णैची मी, पण लहानपणी होडीत बसले ती फक्त सुवर्णदुर्ग पाहायला, आणि हे पुण्याचे, यांना पानशेतच्या लाँचमध्येही गरगरतं. तोडगा असा निघाला की हे ट्रेलर मागे घेण्यात पटाईत झाले. बोट पाण्यात सोडतात, गाडी लावतात, बाकावर पेपर वाचतात. सोबत म्हणून मी कामावरची एक सामोअन मैत्रीण धरली आहे. तिच्याकडे बोट नाही, माझ्याकडे सोबत नाही. तुम्हीही आधी बोट नको, असा एखादा बोटवाला शोधा. इथे त्यांची कमी नाही, कमी आहे ती पहाटे पाचला उठून येणाऱ्या आणि नंतर बोट धुवायला थांबणाऱ्या माणसांची.

तर पहिलं वर्ष बोट घेऊ नका. त्या वर्षात घर बघताना जमिनीच्या एका बाजूला तीन मीटर रुंद मोकळी वाट आहे का ते बघा. इथे येणारे आपले बहुतेक लोक पहिली गाडी म्हणून छोटी जपानी हायब्रिड घेतात, ती दीड टनाचा ट्रेलर ओढणार नाही, हेही आधीच मनात असू द्या. वर्षभराने घ्यावीशी वाटलीच तर तुम्ही लिहिलीत त्याच्यापेक्षा एक मीटर लहान घ्या. मोठी बोट वर्षातले चार-पाच वाऱ्याचे दिवस जास्त देते आणि आळसाचे पंधरा. तुमची नोकरी आठ ते साडेचार असेल तर एक खास गोष्ट तुमच्या पदरात आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. माझ्या 19 फेऱ्यांतल्या 8 या अशा कामानंतरच्या, मधल्या वारी झाल्या, दोन तासांच्या. रॅम्पपासून लांब राहणाऱ्याला त्या अशक्य आहेत.

मार्चमध्ये येताय ते बरं आहे. त्या महिन्यात पाणी अजून कोमट असतं आणि शाळा सुरू झाल्याने रॅम्प मोकळे. स्थिरस्थावर झालात की कळवा, एका शनिवारी नेते. वहिनींनी बोट लागू नये म्हणूनची गोळी निघण्याआधीच घ्यायची, बोटीत बसल्यावर नाही. लाइफजॅकेट माझ्याकडे आहेत, पांढऱ्या तळाचे बूट तुमचे. डब्यात काहीही आणा, फक्त केळी आणू नका. मासेमारीच्या बोटीवर केळं अपशकुनी असं इथले लोक मानतात, आणि आमचे शेजारी बरोबर असतील तर ते केळी सरळ समुद्रात फेकतात. मागच्या वेळी माझं शिकरण गेलं.